ब्रेक लावून घेतलेलं शून्य

आमचे धाकटे दीर कागदाच्या गिरणीत फिटर आहेत. एकतीस वर्षं झाली, दहाही बोटं शाबूत, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान. शाफ्टला हात लावण्याआधी ब्रेक, हा त्यांचा नेम. घरी मिक्सर उघडायचा तरी प्लग काढून स्वतःच्या मांडीखाली दाबून बसतात.

गेल्या आठवड्यात गिरणीतल्या मोठ्या शाफ्टवर नवा सेन्सर आला. कड्यासारखा, बिनतारी. फिरताना शाफ्टला किती पीळ पडतो तो आकडा पडद्यावर दिसतो. फार झाला की लाल. सुरुवातीला त्याला शून्य कुठलं ते ठरवून द्यायचं असतं, ते भाऊजींनी केलं. त्या शाफ्टपासून चार हातांवर त्यांची लेक चिमणी पाळीला उभी असते.

काल दुपारी भाऊजी घरी होते. ओल्या चादरीचं एक टोक मी त्यांच्या हाती दिलं.

"जोर लावा, दोनदा भात घेतलाय."

"वहिनी, घास मोजता होय?"

माझं मनगट दुखलं म्हणून ते पीळ घालता घालता थांबले. चादर पिळलेलीच राहिली. ते तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मशीन थांबल्यावर मी आधी ब्रेक लावला, वहिनी. मग शून्य घेतलं."

"मग?"

"ब्रेकनं पीळ आत धरून ठेवला होता. मी त्यालाच शून्य म्हटलं. पडदा तेवढा कमी दाखवतोय."

"किती कमी?"

"कुणास ठाऊक. आणि परवापासून जाड कागद चालू आहे, त्याला पीळ जास्त."

पाळीत चिमणीचा फोन कपाटात असतो. गिरणीचा लागेना. भाऊजी माझ्याच चपला घालून धावले.

मी चादर हातात धरून बसले. खाली ठेवायचा धीर होईना. पाऊण तासानं चिमणीचा फोन आला.

"काकू, बाबांनी मशीन बंद करवलं. सगळ्यांसमोर म्हणाले, चूक माझी. ब्रेक सोडला तर थांबलेल्या शाफ्टवर शून्याखालचा आकडा."

"आणि शाफ्ट?"

"जोडापाशी चीर आहे. केसाएवढी."

"तू कुठं होतीस?"

"तिथंच."

संध्याकाळी भाऊजी आले, जेवले नाहीत. बादलीतल्या चादरीचं टोक उचलून माझ्याकडे पाहिलं.

"राहू द्या," मी म्हटलं. "तशीच वाळेल."