अंगठ्याचे खळगे

तो गाळाच्या वडीत अंगठा रुतवायचा, डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, "अजून पानी हाय."

रत्नागिरीजवळच्या एका सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात आम्ही बरोबर कामाला होतो. मी प्रयोगशाळेत, तो प्रेसवर. सांडपाणी स्वच्छ झालं की तळाशी काळा गाळ उरतो. तो प्रेसमध्ये दाबून पाणी काढायचं आणि सुक्या वड्या ट्रॅक्टरमध्ये भरायच्या, हे त्याचं काम. अंगठ्याच्या खळग्यात पाणी आलं तर वडी ओली, नाही आलं तर "भरा गाडी!" माझी तपासणी होईपर्यंत थांबेल तर तो कसला! कधी कधी त्याचं साफ चुकायचं, पण रुबाब काही कमी होत नसे.

तो अंगठा तुम्ही बघायला हवा होता. फणस, खुर्चीची गादी, माझ्या डब्यातला शिरा, काही म्हणून सुटलं नाही. हात धुतलेला असायचा, एवढीच मेहेरबानी.

मग त्याच्या बायकोला सूज आली. हृदय अशक्त झाल्यामुळे पायांत पाणी साचतंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. हा रोज दवाखान्यात जाऊन तिच्या पावलावर अंगठा दाबायचा. खळगा पडायचा, तो तसाच राहायचा. "जल्लं ह्ये पानी!" म्हणत कामावर यायचा.

एक दिवस मात्र हसतच आला. "सायेब, खड्डा पडत नाय आता. घरी नेतो तिला."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"थांबा म्हनतायत. कशाला थांबू? सगळं पानी उतारलं ना!"

मी परोपरीने नको म्हटलं. पण त्याच्या अंगठ्यापुढे आमचं कधी चाललं होतं?

लांज्याच्या घरी ती आठवडाभरही जगली नाही.

कामावर परतल्यावर त्याने मला गाठलं. "पानी तर उतारलं व्हतं. मंग ती का ऱ्हायली नाय?"

मी हृदयाचं समजावू लागलो. तो मान हलवायचा आणि पुन्हा तेच विचारायचा. त्याला काय सांगायला हवं होतं, मला अजूनही कळत नाही.

त्यानंतर तो एकाच वडीत पुन्हा पुन्हा अंगठा दाबत बसे. ट्रॅक्टरवाला ओरडायचा, "दादा, भरू काय?" हा नुसता वडीकडे बघत राही. शेवटी मीच "भर" म्हणायचो.

पावसाळ्याच्या तोंडावर तो नोकरी सोडून गावी गेला. जायच्या दिवशी त्याने हाताळलेली वडी प्रेसखाली पडून होती. तिच्यावर अंगठा टेकायला जागा उरली नव्हती. आणि एकाही खळग्यात पाणी नव्हतं.