उशिरा पडणारी तिसरी थाप

तिशी उलटली तरी घरात ती धाकटीच होती, आणि परक्या शहरात येऊन राहिली तरी आईच्या फोनवर धाकटीच राहिली. "काय गं धाकटे, जेवलीस का?" याखेरीज आईला दुसरा प्रश्न सुचायचाच नाही. धाकटी आली होती तिथलं ढोलवादन शिकायला. आता बोला! सुतारकाम करणाऱ्या बापाने घरी ढोलकी शिकवली, ती पुरली नाही, म्हणून ही सातासमुद्रापार दुसऱ्यांचे ढोल बडवायला!

सकाळी ती एका लाँड्रीत चादरींच्या घड्या घाली, दुपारी शिकवणी, संध्याकाळी चौथ्या मजल्यावरची खोली. तिथल्या कपाटाचं दार आपसूक उघडायचं. जरा कुठे हात चालवला की खालचा भाडेकरू झाडूच्या दांड्याने छत ठोकायचा. मग ती बिचारी उशीवर सराव करी.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, तोंडाने फटकळ. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला थांबवलं. "तुझी तिसरी थाप उशिरा पडते. सत्र संपेपर्यंत सुधारली तर आमच्या वादकांत बसशील. नाही तर सामान बांध आणि घर गाठ."

धाकटीला असा राग आला म्हणता! ही तर बाबांची खास चाल. अशी ढोलकी दुसरं कुणी वाजवत नाही, असं सगळे म्हणायचे. पण लाँड्रीत चादरीचं दुसरं टोक धरणारी जोडीदारीणही वैतागली, "दर वेळी तिसऱ्या घडीला थांबतेस का गं?" मग मात्र तिने रविवारी बाबांना विचारलं.

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अगं वेडाबाई, चाल कसली! लाकूड तासताना पटाशी लागून माझं बोट ताठ झालंय ना? ते येतं मागून लंगडत. तू तेवढंही उचललंस होय?"

ताठ बोट तर तिने जन्मापासून पाहिलेलं. थाप त्याच्यामुळे अडते, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. फोन ठेवून ती ढसाढसा रडली. मग हट्टाला पेटली. तीन महिने उशी, मांडी, बसची खिडकी, काही म्हणून सोडलं नाही. घराची आठवण यायची ती नेमकी तिसऱ्या थापेला, आणि तिथेच थांबायची सोय नव्हती.

सत्राच्या शेवटी तिला वादकांत जागा मिळाली. "आता हात स्वच्छ झाला," बाई म्हणाल्या. धाकटीचे पाय जमिनीवर ठरेनात. बाहेर जिन्यातच तिने घरी फोन लावला आणि पायरीवर बसून ढोल वाजवून दाखवला.

"छान. अगदी चोख," बाबा म्हणाले. "आता एकदा आपल्यासारखं वाजव बघू. कान आसुसलेत गं."

तिने वाजवलं. पहिली, दुसरी, आणि तिसरीही वेळेवर पडली. पुन्हा वाजवलं, पुन्हा वेळेवर. तिने बोट मुद्दाम ताठ धरलं, तरी हात थांबेना.

"येत नाहीये हो, बाबा," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

तिकडे बाबांनी पाट पुढ्यात ओढल्याचा आवाज आला. मग लाकडावर थाप पडली. एक. दोन. आणि जरा थांबून, तीन.

"हं धाकटे," बाबा म्हणाले, "पहिल्यापासून."