मागची डमी

उल्हासनगरला आमचं ट्रकच्या इंजिनांचं गॅरेज आहे. बाबांनी ते नावारूपाला आणलं ते हातापेक्षा कानाच्या जोरावर. इंजिनाच्या ब्लॉकला वाटीसारखी गोल बुचं बसवलेली असतात. आतलं पाणी ती अडवून धरतात. आम्ही त्यांना डमी म्हणतो. बाकीचे मिस्त्री इंजिन खोललं की सगळ्या डमी बदलून मोकळे होतात. बाबांचं तसं नव्हतं. हातोडीने हलकेच ठोकायचं. खणखणीत वाजली तर ठेवायची, बद्द वाजली तर काढायची. लोक बघत उभे राहायचे आणि बाबांना ते आवडायचं, हेही खरं.

दोन वर्षांपूर्वी बदलापूरचा एक गाडीवाला जुना ट्रक घेऊन आला. एकच गाडी, तिच्यावर अख्खं घर.

"उस्ताद, सगळ्याच नव्या टाका ना. टेन्शन नको," तो म्हणाला.

बाबा नुसते हसले. बाजूच्या डमी वरूनच गंजलेल्या दिसत होत्या, त्या त्यांनी बदलल्या. मग इंजिनाच्या मागच्या जड चाकाआड, फ्लायव्हीलमागे दडणारी शेवटची ठोकली. ती बद्द वाजली. मला स्वच्छ ऐकू आलं.

"ही झकास आहे," बाबा म्हणाले.

घरी टीव्हीचा आवाज वाढत चालला होता, आई ओरडून बोलायला लागली होती. तरी बाबांचे कान गेलेत हे मी त्या क्षणापर्यंत मानलं नव्हतं. मी गप्प राहिलो. गिऱ्हाइकासमोर बापाला बहिरा कसं म्हणायचं? मागाहून गुपचूप बदलू असं ठरवलं, पण मी जेवून येईपर्यंत बाबांनी फ्लायव्हील चढवलंसुद्धा. तेव्हाही बोलता आलं असतं. नाही बोललो. माझा भेकडपणा, दुसरं काही नाही.

पंधरा दिवसांत विटांनी भरलेली ती गाडी चढावर बंद पडली. त्याच डमीतून सगळं पाणी गळून गेलं होतं, इंजिन जाम. गाडीवाला येऊन आमच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तो गेल्यावर बाबांनी विचारलं, "त्या दिवशी ती तुला कशी वाजली?"

"खणखणीत," मी मोठ्याने म्हणालो.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"मी आता घरी बसायचं म्हणत होतो," ते म्हणाले. "गॅरेज तुझ्यावर सोपवून. पण तुलाही कळलं नसेल, तर कसं सोपवू?"

दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी गॅरेजवर पोचले होते. अजूनही येतात.