म्हशीने न खाल्लेला पुरावा

माझ्या नातवंडांनो, गेल्या आठवड्यात तुम्ही तुमच्या तिकडच्या बागेतले एक तण फोनला दाखवलेत आणि फोनने क्षणात त्याचे लॅटिन नाव सांगितले. त्या तणाच्याच एका भाऊबंदामुळे माझी नोकरी जायची वेळ आली होती. झाडे ओळखायचे हे काम तुम्हाला फार सोपे वाटू लागण्याआधी सांगून ठेवते.

सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राची हंगामी अध्यापिका होते. वाईला, सासरी, कृष्णेच्या काठावर भाजीच्या आंबट चुक्यासारखे एक रानटी रोप दिसले. त्याची पाने विभागप्रमुखांना दाखवली.

"बाई, हा बाजारातला चुका. शेतातून निसटलाय."

मी चारचौघांत म्हटले, "नाही सर, जात वेगळी आहे." मला कायम करायचे की नाही हे त्यांच्या शिफारशीवर होते, हे मला जिना उतरताना आठवले.

जात ठरते ती फळांवरून. चुक्याच्या फळाभोवतीचे पापुद्रे, म्हणजे पंख, पातळ नि बिनदात्यांचे. माझे खरे ठरायचे तर माझ्या रोपाच्या पंखांना दाते हवेत. "फळं दाखवा, मग बोलू," सर म्हणाले.

फळांचे तुरे धरल्यावर मी पुन्हा वाईला गेले. काठावर एकच झुपका होता. तो शास्त्रशुद्धपणे मुळासकट उपटला, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून स्वयंपाकघरात गारव्याला ठेवला आणि बाहेर सोप्यात लेबल लिहायला बसले. ठिकाण, जमीन, उंची, फळांचा रंग. इतके नेटके लेबल मी पुन्हा कधी लिहिले नाही. त्याची शाई वाळेपर्यंत आतून फोडणीचा वास आला.

"आगं, लय जून भाजी आणलीस," सासूबाई म्हणाल्या. "कवळी पानं तेवढी निवडली. तुरं टाकलं म्हशीला."

"आत्याबाई, ती कॉलेजची होती!"

"व्हय? मग कॉलेजला सांग, जरा कवळी आणत जा."

मी गोठ्यात धावले. म्हशीने तुऱ्यांना तोंडही लावले नव्हते. सासूबाईंनी गव्हाणीतून एकेक तुरा वेचून दिला, पुटपुटत: "सोळा यत्ता शिकली, आन् कचरा गोळा करती."

सरांनी भिंगातून फळे पाहिली. दाते होते. त्यांनी भिंग खाली ठेवले.

"रुमेक्स डेंटाटस. म्हणजे दातेवाला," ते म्हणाले. "पण पानं कुठायत?"

"घरी खाल्ली, सर."

त्यांनी शिफारस केली. तो नमुना अजून कॉलेजच्या कपाटात आहे: दोन तुरे आणि पूर्ण भरलेले लेबल. पाने नाहीत.