विश्वसनीय काकू

"ती झेरॉक्स मी तुला दिली. या हातांनी."

"मला आठवत नाही."

"याच टेबलावर. तू चहा पीत होतीस."

"चहा आठवतो."

काकूने डब्याचं झाकण आपटलं. "अगं, घरात आपण दोघीच आहोत. माझ्यासमोर कबूल करायला तुझं काय जातंय?"

"सवय बिघडते."

पुतणी वार्ताहर होती, आणि घरात तिला मुखस्तंभ म्हणत. शेजाऱ्यांची काच कोणी फोडली हे सांगितलं नाही म्हणून नवव्या वर्षी तिने काकूच्या हातचे दोन धपाटे खाल्ले होते. काच फोडली होती काकूच्याच चिरंजीवांनी. पुढे एका आठ पानी दैनिकात नोकरी लागली, आणि ज्या दुर्गुणासाठी मार बसला होता त्याच्यावर तिथे पगार मिळू लागला.

गेल्या आठवड्यात तिची बातमी पहिल्या पानावर आली. पाणीपुरवठा कार्यालयाच्या नोंदवहीत मोठी टाकी दर महिन्याला धुतल्याची सही होती. टाकीच्या झाकणाची किल्ली मात्र तीन वर्षांपूर्वीच हरवलेली, कुलूप गंजून दगड झालेलं. नोंदवहीचं पान कुठून मिळालं? 'विश्वसनीय सूत्रांकडून,' एवढंच बातमीत होतं.

ती सूत्रं म्हणजे काकू. त्याच कार्यालयात आवक-जावक टेबलावर एकतीस वर्षं शिक्के मारणारी, निवृत्तीला सात महिने उरलेली. एकतीस वर्षांत तिला कुणी विश्वसनीय म्हटलं नव्हतं. साहेब तर हाकही मारत नसत, घंटी वाजवत. तिने ती ओळ कात्रीने कापून पर्समध्ये ठेवली. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंना विचारूनही आली, "ओळखा पाहू सूत्र कोण?" पुतणीला मागोमाग धावत जाऊन सांगावं लागलं, "काकू कोडी घालत असते हो हल्ली."

इकडे साहेब थेट संपादकांकडे गेले. नाव सांगा म्हणाले. संपादकांनी त्यांना बिस्किटं दिली आणि सांगितलं, "न्यायालयाचा आदेश आणा, मग आमचे वकील बोलतील." साहेबांनी बिस्किटं खाल्ली आणि निकाल आपल्याच कार्यालयात लावला. नोंदवही फोडणारा म्हणून भांडारपाल ठरला. आज अकरा वाजता त्याच्या हातात निलंबनाचं पत्र पडणार होतं.

"त्याचा गुन्हा काय, तर झेरॉक्सचं मशीन त्याच्या टेबलाशेजारी आहे," काकू म्हणाली. "तो मशीनला हातही लावत नाही गं. शॉक बसेल म्हणून पेन्सिलीने बटण दाबतो. तू नुसतं छाप, की तो नव्हता."

"आज 'तो नव्हता' असं छापलं, की उद्या साहेब दुसऱ्याचं नाव घेऊन येणार. परवा तिसऱ्याचं. मी नाही नाही म्हणत गेले तर शेवटी उरणार कोण?"

काकूने बोटांवर माणसं मोजली. "शिपाई गेला की मीच."

"म्हणून."

"मग माझंच छाप. माझी परवानगी आहे. लिहून देते, शिक्का मारून."

इथे पुतणीची पंचाईत झाली. नाव लपवायचा शब्द काकूला दिलेला. त्यातून तिला मोकळं करायचा हक्क फक्त काकूचा. कालच तिने संपादकांना 'समजा एखाद्या सूत्राने' अशी सुरुवात करून विचारलं होतं. ते म्हणाले होते, "आपण अडवणारे कोण? फक्त परिणाम नीट समजावून सांगायचे."

तिने समजावले. चौकशी बसेल. पेन्शन अडकेल. निरोप समारंभ तर विसरच.

"त्यात साहेबांचंच भाषण असतं," काकू म्हणाली. "ते ऐकायचं वाचेल, वाईट काय. पण हे सगळं तू वार्ताहर म्हणून सांगतेयस की पुतणी म्हणून?"

वार्ताहराने परिणाम सांगून थांबायला हवं होतं. एव्हाना पुतणीने दाराची कडी लावली होती आणि कडीवर हात ठेवून ती उभी होती.

"पुतणी म्हणून सांगायचं तर आज रजा टाक. ताप आलाय म्हण."

"आणि त्याला पत्र मिळू दे?"

"मी त्याच्यासाठी वकील शोधते. खरंच शोधते."

काकूने घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा. तिने पुतणीचा हात कडीवरून बाजूला केला, चपला पायात सरकवल्या.

"काकू, साहेबांना काय सांगणार आहेस?"

काकू जिना उतरू लागली.

"अगं, निदान मला तरी सांग."

खाली फाटक वाजलं.