पृष्ठ ०० आणि आमच्या रणपिसे बाई

एखादा जाड अभ्यासग्रंथ वाचताना आपणही कधीतरी अडखळला असाल : 'याचे विवेचन पृष्ठ ०० वर पाहा.' पुस्तकात असे पान नसतेच. मग ते लिहिले कोणी? उत्तर साधे आहे. लेखक लिहीत असतो तेव्हा पाने पडलेली नसतात, म्हणून तो दोन शून्ये मांडून ठेवतो. पुढे खरा आकडा भरायचा राहून जातो. डॉ. सुजाता रणपिसे यांच्याशी माझी पहिली ओळख झाली ती अशाच हुलकावणी देणाऱ्या आकड्यांपायी.

तो काळ सगळ्या शहराला घाई सुटल्याचा होता. माझ्याबरोबर गणितात एम.एस्सी. झालेले मित्र एकेक करून सॉफ्टवेअर कंपन्यांत जात होते. मी एका महाविद्यालयात अधिव्याख्याता होतो. पीएच.डी.चा प्रबंध टंकून झाला होता आणि एका कंपनीचे बोलावणे मलाही आले होते. होकार सोमवारी कळवायचा होता. नेमके तेव्हाच मार्गदर्शकांनी दुसऱ्या प्रकरणात एक प्रमेय वाढवायला सांगितले. एक प्रमेय वाढले की पुढचे सगळे क्रमांक सरकतात, आणि 'प्रमेय २.४ वरून' असे जिथे जिथे म्हटलेले असते तिथे तिथे ते खोटे ठरते. धायरीच्या घरी मी पांढऱ्या शाईची बाटली घेऊन बसे. वडील एकदा दारातूनच म्हणाले, "एवढं शिकून अजून आकडंच बदलतोयस व्हय? त्यापरीस कंपनीत जा की." प्रबंध सोडून द्यावा, असे मलाही वाटू लागले होते.

संख्याशास्त्राच्या रणपिसे बाई शनिवारी दुपारी आपल्या विभागात कोणालाही शास्त्रीय लेखनाची संगणकावरची जुळणी शिकवतात, असे कळले. मी गेलो आणि त्या जुळणीच्या संगणक-प्रणालीचे नाव इंग्रजीत वाचले होते तसे उच्चारून म्हणालो, "मॅडम, लेटेक्स शिकायचंय."

"ते हातमोज्यांचं रबर," बाई म्हणाल्या. "हे लाटेक. बसा. मी टाइप करून देणार नाही, शिकूनच जावं लागेल. घाई असेल तर टंकलेखक आहेतच गावात."

हा आग्रह कुठून आला, ते नंतर समजले. बाईंच्या प्रबंधाच्या वेळी टंकयंत्रावर सिग्मा नव्हता. टंकलेखक मोकळी जागा सोडत आणि बाई प्रत्येक प्रतीत काळ्या शाईने चिन्हे भरत. एक सिग्मा राहिला, आणि तोंडी परीक्षेत परीक्षक त्यावरच अडून बसले. खडकीच्या कारखान्यातल्या कामगाराची मुलगी डॉक्टरेट मिळवणार म्हणून घरचे सगळे बाहेर उभे होते, आणि आत बाई त्या एका चिन्हाचा खुलासा करीत होत्या. "गणित चुकलं असतं तर ऐकून घेतलं असतं," त्या अजूनही म्हणतात. "हे काय, शाई विसरले म्हणून!"

बाईंची पहिली सूचना अशी, की आकडा लिहायचाच नाही. प्रमेयाला एक नाव द्यायचे आणि उल्लेख करायचा तिथे ते नाव लिहायचे. क्रमांक लावणे हे यंत्राचे काम. प्रमेयांची पाने संगणकावर उतरवून मी तसे केले, फाइल चालवली आणि हादरलो. क्रमांक हवे होते तिथे सगळीकडे दोन-दोन प्रश्नचिन्हे! मी लगेच नावे पुसून हाताने आकडे घालू लागलो.

"अहो पोकळे, हात काढा! काही बदलू नका. तेच पुन्हा चालवा."

"काहीच न बदलता?"

"काहीच न बदलता. तेवढं जमेल का?"

जमणे अवघडच होते. पण चालवली, आणि प्रश्नचिन्हे जाऊन क्रमांक आले. पहिल्या फेरीत यंत्र फक्त कोणते प्रमेय कुठे पडले ते टिपून ठेवते. दुसऱ्या फेरीत ते टिपण वाचून क्रमांक भरते. नवशिका घाबरतो तो नेमका या दोन फेऱ्यांच्या मध्ये, आणि बरे चाललेले बिघडवून ठेवतो.

कंपनीचे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "प्रबंध होईपर्यंत थांबा म्हणावं त्यांना. विचारायला काय जातं?" रविवारी त्यांनी माझ्यासाठी विभाग उघडून घेतला, दडपे पोह्यांचा डबा आणला आणि शेजारी पेपर तपासत बसल्या. माझा हात उगाच कीबोर्डकडे गेला की नुसते "पोकळे!" म्हणत.

कंपनी थांबली नाही. जागा गेल्याचे मी पडल्या चेहऱ्याने सांगितले, तेव्हा बाई म्हणाल्या, "गेली ना? चला, तिसरं प्रकरण घ्या." प्रबंध पुरा झाला. मित्रांची घरे पाहून आजही चुळबुळ होत नाही, असे मी म्हणणार नाही. पण आता वारज्यात असाच वर्ग मी घेतो, आणि पहिली प्रश्नचिन्हे दिसताच समोरच्याची जी तडफड होते ती मला आतून कळते.

बाई स्वतः मात्र स्वस्थ बसत नाहीत. मोतीबिंदूची पट्टी सुटली त्याच दिवशी त्यांचा फोन आला : "त्या नव्या फॉन्टमध्ये जोडाक्षरं फुटतात, पाहिलंत का?" पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांची ही नजर आणि हा आवाज असाच तल्लख राहो, निरोगी शंभरी त्यांना लाभो आणि ती आम्हांला पाहायला मिळो.

आणि ज्यांचा प्रबंध अर्ध्यावर पडून आहे, त्यांनी आजच एवढे करून पाहावे. पहिल्या प्रकरणात एक नवी आकृती घालावी आणि पुढचे किती क्रमांक हाताने बदलावे लागतात ते मोजावे. एकही नाही, तर उत्तम. एक जरी निघाला, तर बाईंना फोन करावा. आधी बोलणी बसतील. प्रबंध मात्र पुरा होईल.