चांगला आकडा

शेवगावच्या छापखान्यात पत्रकाचं प्रूफ तपासत होतो, तेव्हा तिसगावहून फोन आला. शकुंतलाआत्या गेली. झोपेतच हृदय बंद पडलं, म्हणाले. महिना होत आला. माझा राग निवलेला नाही.

आत्या तिसगावात एका ट्रस्टच्या दवाखान्यात नर्स होती. साखर म्हणजे बड्या लोकांचं दुखणं, असं गाव मानत होतं, तेव्हा तिनं मागे लागून रक्तातली साखर मोजायचं छोटं यंत्र मिळवलं. महिन्यातून एकदा तपासणी. बोटाला सुई, पट्टीवर थेंब, यंत्रावर आकडा. कमी आला की आत्या सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावायची, वाढला की चारचौघांत, "लग्नात जिलबी हाणली वाटतं?" लोक हसायचे. आकडे भराभर उतरले. ट्रस्टच्या अहवालात तिचा फोटो आला...

मग तपासणीला येणाऱ्या सखारामतात्यांचा पाय कापावा लागला. आकडा नेहमी चांगला, म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या गोळ्या कमी केल्या होत्या. अंगठ्याची जखम चिघळत गेली. आत्या नगरला भेटायला गेली तेव्हा तात्या ओशाळून म्हणाले, "बाई, तपासनीच्या आदी दोन दिस मी जेवतच न्हवतो. तुमी एवढं शिकवता... तुमास्नी वाईट वाटंल म्हनून." चौकशी केली, तर निम्मे पेशंट तेच करत होते.

टाळ्या बंद झाल्या. आत्या यंत्र पिशवीत घालून न सांगता घरोघरी जाऊ लागली. रागवायची नाही. आता खरे आकडे दिसू लागले, वाढलेले. नेमके देणगीदार येणार होते. अध्यक्षांनी तपासणी पूर्वीसारखी घ्यायला सांगितली. ती नाही म्हणाली. यंत्र कपाटात गेलं, आत्या घरी. मी ट्रस्टविरुद्ध पत्रक काढतो म्हणालो. "काढ," ती म्हणाली, "पण पहिल्या ओळीत लिही, टाळ्या मी वाजवायला लावल्या." तिचं नाव खराब होईल म्हणून मी ते काढलंच नाही. आज त्याची लाज वाटते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तेच अध्यक्ष आले. तिच्या फोटोला हार घालून त्यांनी जाहीर केलं, तपासणी पुन्हा सुरू, आणि सर्वांत कमी साखर येणाऱ्या पेशंटला दरवर्षी शकुंतलाबाईंच्या नावानं बक्षीस. मी उठून तात्यांच्या पायाचं सांगू लागलो. आज वाद नको म्हणून आपल्याच माणसांनी मला खाली बसवलं.

परवा तिची खोली आवरत होतो. तिच्या जुन्या पेशंट, शेजारच्या सोनाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ सुकलेले. आत्या ज्या कपातून बिनसाखरेचा चहा घ्यायची, त्यातच मी त्यांना चहा दिला. त्यांनी कप बाजूला सरकवला.

"नगं. उद्या तपासनी हाय," त्या म्हणाल्या. "बाईंच्या नावाचं हाय. मलाच मिळाया पायजे."